विश्लेषण : इटलीत भाड्याची गाडी चालवली आणि काही महिन्यांनी दंड आला, तर काय करावे?

इटलीची सहल आटोपून घरी परतल्यावर काही महिन्यांनी गाडी भाड्याने देणारी कंपनी क्रेडिट कार्डातून चाळीस-पन्नास युरो कापते. हाच दंड होता आणि विषय संपला, असे अनेक पर्यटक समजतात. प्रत्यक्षात खरा दंड अजून यायचा असतो. हा फरक न कळल्यामुळे सवलतीची मुदत निघून जाते आणि रक्कम वाढते.

दंड कशाचा असतो?

वेगमर्यादा किंवा पार्किंगचा असू शकतो; पण पर्यटकांना सर्वाधिक फटका बसतो तो 'झेडटीएल'चा, म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्राचा. फ्लॉरेन्स, रोम, पिसा अशा शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी फक्त परवाना असलेल्या गाड्यांना प्रवेश असतो. तिथे ना फाटक असते, ना पोलीस. लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा एवढेच असते. पाटीवर 'वार्को आत्तिवो' दिसले तर बंदी लागू आहे, 'वार्को नॉन आत्तिवो' दिसले तर नाही. गाडीचा मार्ग दाखवणारे अ‍ॅप ही बंदी दाखवेलच याची खात्री नसते.

कंपनीने कापलेले पैसे कशाचे?

कॅमेऱ्यात नंबर प्लेट टिपली जाते आणि पोलीस गाडीच्या मालकाला, म्हणजे भाडे कंपनीला विचारणा करतात. कंपनी करारावरचे चालकाचे नाव आणि पत्ता कळवते. या कामाचे शुल्क ती कार्डातून घेते. करारात तशी अट असते, त्यामुळे बँकेकडे तक्रार करून हे पैसे परत मिळण्याची शक्यता कमी. मात्र हे शुल्क भरल्याने दंड भरला जात नाही.

नोटीस इतक्या उशिरा का येते?

इटलीबाहेर राहणाऱ्यांना नोटीस बजावण्यासाठी कायद्याने ३६० दिवसांची मुदत आहे. चालकाची ओळख प्रशासनाला कळल्यापासून ती मोजली जाऊ शकते. त्यामुळे सहलीनंतर वर्षभराने नोटीस आली, तरी ती बाद झाली असे लगेच समजू नये. नोटीस करारावरच्या पत्त्यावर टपालाने येते. घर बदलले असेल, तर जुन्या पत्त्यावर चौकशी करत राहावे.

आधी काय तपासावे?

गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि ठिकाण करारातल्या नोंदींशी पडताळावे. त्या वेळी गाडी ताब्यात नसेल, तर हरकतीला भक्कम आधार मिळतो. परदेशी चालकांकडून वसुलीचे काम काही नगरपालिका खासगी संस्थांना देतात, त्यामुळे पत्रावर अनोळखी नाव असू शकते. अशा वेळी संबंधित नगरपालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून खात्री करावी. ई-मेलमधल्या लिंकवर थेट पैसे भरू नयेत. वेगवेगळ्या दिवशी प्रवेश झाला असेल, तर नोटिसाही वेगळ्या येतात.

कधी भरल्यास किती?

नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरल्यास किमान दंडावर ३० टक्के सवलत मिळते. ६० दिवसांपर्यंत किमान रक्कम, त्यानंतर कमाल रकमेच्या निम्मी. समजा किमान दंड ८३ आणि कमाल ३३२ युरो आहे. मग पाच दिवसांत ५८ युरो १० सेंट, साठ दिवसांत ८३, त्यानंतर १६६ युरो. टपाल व प्रक्रियेचा खर्च वेगळा. भारतातून बँकेमार्फत पैसे पाठवायला वेळ लागतो आणि मधल्या बँका शुल्क कापतात. म्हणून कार्डाने ऑनलाइन भरण्याची सोय असल्यास ती बरी. बँकेतून पाठवल्यास नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर लिहावा, पूर्ण रक्कम पोहोचेल असे पाहावे आणि पावती जपून ठेवावी.

हरकत घेता येते का?

येते, पण दंड भरण्याआधी; भरल्यावर हा मार्ग बंद होतो. एक पर्याय 'प्रिफेत्तो' या सरकारी अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अर्ज करण्याचा. तिथे शुल्क नाही, पण अर्ज फेटाळला गेल्यास किमान दंडाच्या दुप्पट किंवा अधिक रक्कम भरावी लागते. दुसरा पर्याय 'जुदिचे दी पाचे' या स्थानिक न्यायाधीशाकडे जाण्याचा. परदेशी रहिवाशांना त्यासाठीही ६० दिवस मिळतात, मात्र न्यायालयीन शुल्क लागते. 'पाटी दिसली नाही' एवढ्या कारणावर यश मिळणे कठीण. मुक्कामाचे हॉटेल त्याच क्षेत्रात असेल आणि त्याने गाडीचा नंबर नोंदवल्याचा पुरावा असेल, तर बाजू भक्कम होते.

दुर्लक्ष केले तर?

दंड आपोआप मिटत नाही. रक्कम वाढते आणि वसुलीचा अधिकार पाच वर्षे राहतो. मधे रीतसर मागणी झाल्यास ही मुदत पुन्हा सुरू होते.

सहलीतच काय करता येईल?

हॉटेल जुन्या शहरात असल्यास पोहोचण्याआधीच गाडीचा नंबर कळवून नोंद करायला सांगावे. चुकून प्रवेश झालाच, तर त्याच दिवशी हॉटेलला विचारावे. काही शहरांत थोड्या अवधीत नंतरही नोंद करता येते. अन्यथा गाडी वेशीबाहेरच्या वाहनतळावर लावून चालत किंवा बसने आत जावे. भाड्याचा करार आणि गाडी परत केल्याची पावती किमान दोन वर्षे टाकून देऊ नये.