माळवदावरची माती

आपल्या जुन्या माणसांनी गावाचे दोन भाग दोन रंगांनी ओळखले. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीने पोसावे, पांढरीने आसरा द्यावा. हा पांढरीचा आसरा पायाखाली होता तसाच डोक्यावरही होता, हे कोकणात किंवा पुण्या-मुंबईस वाढलेल्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. मराठवाड्यात आणि सोलापुराकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसे मातीच्या छपराखाली राहिली. त्या छपराला कोणी माळवद म्हणतात, कोणी धाबे. शहरांत आता गच्चीवर माती घालून हिरवळ करण्याची हौस वाढते आहे. तिच्या निमित्ताने माळवदाची कथा सांगावीशी वाटते.

रचना साधी. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग पाला आणि सर्वांवर फूटभर माती. ही माती वाटेल ती चालत नसे. काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाने भेगाळते. ती शेतातच शोभावयाची. पांढरी माती धोपटली की घट्ट बसते व पाणी सहजी आत सोडीत नाही. छपराला बेताचा उतार, कडेला पन्हळ. कोकणच्या धुवाधार पावसात हे टिकले नसते. कमी पावसाच्या मुलखात ते उत्तम चालले. भर उन्हाळ्यात खाली गारवा, वर पापड-कुरडयांचे वाळवण आणि रात्री चांदण्यात अंथरुणे!

मात्र पावसाला अडविण्याचे काम एकट्या मातीकडे होते. म्हणून मृग लागण्यापूर्वी घरची माणसे माळवदावर चढत. भेगा बुजवीत, गवत उपटीत, कारण मुळांच्या वाटेने पाणी घरात उतरे. मग पांढऱ्या मातीचा नवा थर पसरीत. दोष येथेच दडला होता. नवी माती वर पडे, पण जुनी खाली उतरविण्याचे कोणाच्या मनात येत नसे. गळती थांबली की काम झाले. आजोबांचा थर, त्यावर वडिलांचा, त्यावर मुलाचा. अर्धा मीटर माती साचली, तर दहा फूट लांब-रुंद खोलीवर सात टनांहून अधिक भार होतो. घराची काळजी घेता घेताच घर डोईजड होत गेले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सारा दोष मातीला देणे अन्यायाचे होईल. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आधी फुटल्या. जेथे छपराला लाकडी खांबांचा स्वतंत्र आधार होता, तेथे भिंती पडूनही काही छपरे उभी राहिली. जेथे तो नव्हता, तेथे पिढ्यांची माती झोपलेल्यांवर आली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. उरलेल्या माळवदांसाठी अभियंत्यांनी जे उपाय सुचविले, त्यांत जादा माती उतरविणे हा एक होता.

नॉर्वेतही मातीची छपरे शतकानुशतके आहेत. त्यांवर गवत तर चक्क वाढू देतात. पण तेथे हिरवळीखाली भूर्ज वृक्षाच्या सालीचे थर असतात. पाणी अडविते ती साल. माती केवळ तिला दाबून धरते आणि घराला ऊब देते. त्यामुळे गळतीसाठी मातीवर माती चढविण्याची पाळी येत नाही. आजच्या हिरव्या गच्चीची रीतही हीच आहे. तळाशी पाणी न झिरपणारा थर, त्यावर मुळे रोखणारा, मग निचऱ्याचा आणि शेवटी हलक्या मातीचा पातळ थर.

तरीही हिशेब चुकत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर, म्हणजे एक किलो पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असे पाणी चार बोटे माती पिऊन टाकील, ही आशा व्यर्थ होय. माती थोडे धरील, थोडे उशिरा सोडील. बाकीच्यासाठी मोकळी पन्हळच हवी.

म्हणून ज्यांना गच्ची हिरवी करावयाची आहे त्यांना माझे सांगणे एवढेच, की रोपे आणण्यापूर्वी छप्पर किती भार पेलेल हे जाणत्या अभियंत्याला विचारा, भिजलेल्या मातीचे वजन धरा आणि नवी टोपली वर नेताना जुनी खाली आणा. पांढरीने आसरा दिला तो खरा; पण तिचे वजन मोजण्याचे काम तिने आपल्यावरच सोपविले होते.