पगारापायी गहाण पडलेला मुलूख

२१ मे १८५३ रोजी हैदराबादचा निझाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. त्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. कारण होतं एका फौजेचा थकलेला पगार.

ही फौज म्हणजे हैदराबाद कंटिन्जंट. खर्च निझामाचा, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम कंपनीच्या हैदराबादेतल्या प्रतिनिधीचा, म्हणजे रेसिडेंटचा. पगाराची बाकी वाढत गेली, कर्ज चढलं आणि अखेर रयतेसकट जमीनच तारण म्हणून देण्यात आली. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून या भागाचा कारभार पाहिला तो कर्नल मेडोज टेलर याने. १८५७ च्या उठावात निझाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र परतलं नाही. पुढे १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय लष्करात विलीन झाली. तिच्या पायदळातून घडलेल्या हैदराबाद रेजिमेंटला १९४५ मध्ये कुमाऊँ हे नाव मिळालं.

कंटिन्जंट विलीन होण्याआधीच इंग्रजांच्या लष्कराची घडीही बदलली होती. मुंबई, मद्रास, बंगाल अशा इलाख्यांच्या वेगवेगळ्या फौजा मोडून १ एप्रिल १८९५ रोजी एकाच सेनेच्या चार कमांड झाल्या. आजची दक्षिण कमांड आपला जन्म त्याच दिवसापासून मोजते. मुख्यालय तेव्हाही पुण्यात, आजही पुण्यातच.

निझाम आणि इंग्रज यांच्यामधली हद्द रोजच्या जगण्यात काय होती, ते भूममध्ये दिसतं. आज धाराशिव जिल्ह्यात असलेलं हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत वसलं आहे. जवळची मोठी बाजारपेठ बार्शी, पण ती मुंबई इलाख्यात, म्हणजे ब्रिटिश हद्दीत. भूमकडचा मुलूख निझामाचा. बाजाराची वाट एका राजवटीत आणि कचेरीची दुसऱ्या राजवटीत, अशी या पट्ट्याची अवस्था १९४८ पर्यंत राहिली.

त्या वर्षी पुण्यातल्या नकाशावर हीच हद्द महत्त्वाची ठरली. भारतात सामील न झालेल्या हैदराबादवरच्या लष्करी कारवाईची मूळ आखणी दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांची. प्रत्यक्ष कारवाई झाली ती त्यांच्यानंतर आलेल्या लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या अधिकाराखाली. मुख्य मारा सोलापूरहून व्हायचा होता आणि तो मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होता. त्यांनी फौजेच्या चार तुकड्या पाडल्या: स्ट्राइक, स्मॅश, किल आणि वीर. कोणी वेगाने घुसायचं, कोणी मागचा मुलूख धरून ठेवायचा, हे आधीच वाटून दिलेलं होतं. पूर्वेकडून विजयवाड्याच्या बाजूनेही दुसरी फौज आत शिरणार होती.

१३ सप्टेंबरच्या पहाटे चढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि तिथला बोरी नदीवरचा पूल हाती आला. दुसरी एक तुकडी तुळजापूरवर चालून गेली. तिथे निझामी पायदळ आणि सुमारे दोनशे रझाकारांनी, म्हणजे निझामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, दोन तास झुंज दिली. लोहाऱ्याच्या वाटेवर मात्र पावसाने फुगलेल्या नदीने फौज अडवली. १७ तारखेला निझामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या फौजेचे प्रमुख जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रं खाली ठेवली.

आखणी काटेकोर होती, पण ती हमरस्त्यांची होती. रझाकारांच्या जुलमाने गांजलेल्या गावांत सत्ता कोसळताच सूड उसळला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव घेतलं. संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज तिने दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. तो अहवाल कित्येक दशकं सरकारी दप्तरात बंद राहिला.

चौधरी १९४९ च्या अखेरपर्यंत हैदराबादचे लष्करी गव्हर्नर होते. पुढे तेच दक्षिण कमांडचे प्रमुख झाले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याची मोहीम त्यांच्याच अधिकाराखाली पार पडली. दरम्यान १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि भूम-बार्शीमधली जुनी सरहद्द उरली ती दोन जिल्ह्यांपुरती. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशी नळदुर्गच्या लढाईसोबत, रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतरच्या सुडात गेलेल्यांचीही गावनिहाय नोंद वाचली जायला हवी. ते दिवस लहानपणी पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घेण्याचं काम भूम तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांना आजही करता येईल.