वॉर्डातली परिचारिका : मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतील एका कामाचा इतिहास

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले, तेव्हा शहरात डॉक्टर घडवण्याची सोय झाली. परिचारिका घडवण्याची सोय व्हायला मात्र आणखी चार दशके जावी लागली. मधल्या काळात रुग्णाच्या उशापायथ्याचे काम आया, वॉर्डबॉय आणि बहुतेक वेळा घरचीच माणसे करत. अंग पुसणे, भांडे देणे, कूस बदलणे, ताप चढला की उतरला ते पाहणे ही कामे शिकून करायची असतात, ही समजूतच नव्हती.

ती समजूत रुजवली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियाच्या युद्धातील अनुभवानंतर १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. शिकाऊ मुलींनी वसतिगृहात राहायचे, मेट्रनच्या हाताखाली काम करायचे, पाहिलेले लिहून ठेवायचे, ही पद्धत तिथून जगभर गेली. नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. तरी इथल्या लष्करी छावण्यांच्या आणि खेड्यांच्या आरोग्याचा अभ्यास त्यांनी कित्येक वर्षे केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहारही ठेवला. १८८८ मध्ये कॅथरीन ग्रेस लॉक यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षित इंग्रज परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईच्या बंदरात उतरली. ती गोऱ्या सैनिकांच्या सेवेसाठी होती. मुंबईतील काही रुग्णालयांत ऑल सेंट्स या पंथाच्या जोगिणी शुश्रूषा पाहत. रुग्णालयातल्या परिचारिकेला आजही ‘सिस्टर’ म्हणतात, त्यामागे या धार्मिक संघांचा वारसा आहे.

एतद्देशीय मुलींसाठी दार उघडले ते कामा रुग्णालयात. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे स्त्रिया व मुलांचे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. प्रमुखपदी एडिथ पीची या डॉक्टर होत्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा पाया त्यांनीच तिथे घातला. भारतीय नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून दिलेले असते. त्यांच्याविषयी याहून अधिक क्वचितच कुठे छापलेले असते. डॉक्टर स्त्रियांची चरित्रे मराठीत पुष्कळ झाली. परिचारिकांच्या वाट्याला एखादी ओळ आली. हा अन्याय आहे आणि तो इतिहासकारांनी दूर करायला हवा.

दार उघडले तरी मुली फारशा येत नव्हत्या. याची कारणे उघड होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्र घराबाहेर काढणे या तिन्ही गोष्टी सवर्ण हिंदू घरात अशक्य मानल्या जात. मुसलमान घरांतही पडद्यामुळे तेच. त्यामुळे पहिल्या पन्नासएक वर्षांत या पेशात युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती स्त्रियाच प्रामुख्याने दिसतात. मिशनच्या रुग्णालयांनी अनाथ आणि निराधार मुलींना हे शिक्षण दिले. विटाळाच्या भीतीने समाजाने नाकारलेले काम ज्यांनी पत्करले, त्यांना त्याच कामावरून हिणवले गेले.

प्लेगने ही भीती उघडी पाडली. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात साथ आली, तेव्हा रुग्णाला शिवायलाही कोणी तयार नव्हते. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा केली. एका आजारी मुलाला पाठीवर घालून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या. पण महाराष्ट्रातल्या शुश्रूषेचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही.

मुली या पेशात येत नाहीत, या प्रश्नाची गाठ पुण्यात सोडवली रमाबाई रानडे यांनी. १९०९ मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांसह पुणे सेवासदन सुरू केले आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया इथे शिकायला येऊ शकल्या, याचे खरे कारण वर्ग नव्हे, वसतिगृह होते. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या मुलीला अब्रूने राहता येईल अशी जागा संस्थेने दिली, म्हणून घरच्यांचा विरोध नरमला. पुढे सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतही नर्सेस क्वार्टर्स झाली. तिथली शिस्त कडक असे. दारे ठरल्या वेळी बंद होत, भेटायला येणाऱ्यांवर नजर असे आणि लग्न म्हणजे पुष्कळ ठिकाणी नोकरीचा शेवट.

वॉर्डातले काम या काळात कसे बदलले, ते उपकरणांवरून नीट समजते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तापमापक जवळजवळ फूटभर लांबीचा होता आणि ताप घ्यायला वीस मिनिटे लागत. १८६७ च्या सुमारास क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची तापमापक केला. त्याला पाच मिनिटे पुरत. पुढच्याच वर्षी कार्ल वुंडरलिख यांचा तापावरचा ग्रंथ आला. यानंतर दर चार तासांनी ताप, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर ठिपके जोडणे हे परिचारिकेचे काम ठरले. पलंगाच्या पायाशी टांगलेला तो टीपीआर चार्ट पाहून डॉक्टर हिवताप की विषमज्वर याचा अंदाज बांधत. निदान डॉक्टरांच्या नावावर जमा होई. ते ज्या नोंदींवर उभे असे, त्यांच्यासाठी रात्री दोन वाजता कोणी तरी जागे राहिलेले असे.

पेनिसिलिनने हे काम आणखी वाढवले. १९४० च्या दशकात ते आले तेव्हा शरीरातून झटकन निघून जाणाऱ्या या औषधाचे इंजेक्शन दर तीन तासांनी, रात्रंदिवस द्यावे लागे. काचेच्या सिरिंज उकळायच्या, बोथट सुया दगडावर घासून धार लावायची, पुन्हा उकळायच्या, हे सगळे वॉर्डातच चाले. एकेकाळी डॉक्टरच देत ती इंजेक्शने अशी परिचारिकेच्या हाती आली. रक्तदाब मोजणे आणि सलाइनवर लक्ष ठेवणेही आले. एक मिलीलिटरला २० थेंब पाडणाऱ्या सेटमधून ५०० मिलीलिटर सलाइन चार तासांत जायचे तर मिनिटाला साधारण ४२ थेंब हवेत, हा हिशेब घड्याळ हातात धरून अनेक खाटांपाशी करावा लागतो. जबाबदारी वाढत गेली, पण डॉक्टरांची ऑर्डर खटकली तर ती थांबवायची की पाळायची, हा प्रश्न मात्र तिच्या एकटीच्या अंगावर राहिला.

काही जुने धडे पुढे बदलले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून स्पिरिट लावून पावडर चोळण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. आता लाल झालेली जागा चोळू नये, रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, असे शिकवतात. कूस बदलायला मात्र दोन माणसे लागतात, आणि रात्रपाळीला दुसरे माणूस असेलच असे नाही.

पेशाला कायद्याची मान्यता हळूहळू मिळाली. १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा. आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशात सुमारे सात हजार नोंदणीकृत परिचारिका असल्याचे म्हटले होते, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी सुरू झाली; मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. याच दशकांत केरळातून आलेल्या मुलींनी मुंबईचे वॉर्ड सांभाळले. मोडकी हिंदी आणि त्याहून मोडकी मराठी बोलत त्यांनी या शहराची जी सेवा केली, तिचे ऋण मुंबईने मोठ्या मनाने मान्य केलेले नाही.

१९७३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्याच आवारात एका सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. कामाच्या जागी परिचारिका किती असुरक्षित आहे हे महाराष्ट्राला तेव्हा कळले. सुरक्षेसाठी परिचारिकांनी संपही केला. त्या हल्ल्याने अंथरुणाला खिळलेल्या अरुणा यांना १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी सांभाळले. भरवणे, स्वच्छ ठेवणे, कूस बदलणे हे काम एका पिढीने निवृत्त होताना दुसरीकडे सोपवले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर जखमा होऊ दिल्या नाहीत. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. नर्सिंग म्हणजे काय, हे सांगायला याहून मोठा पुरावा महाराष्ट्राकडे नाही.

सरकारी रुग्णालयांत आज अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदे आहेत. पुरुषही या पेशात आले आहेत आणि त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सार्वजनिक रुग्णालयात रात्री जमिनीवरच्या गाद्या मोजल्या, तर हे निकष कागदावरच राहिले आहेत हे कोणालाही दिसेल. खासगी रुग्णालयांतल्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजार रुपयांहून कमी पगार असू नये, अशी शिफारस केली. ती अमलात आणण्याचे काम राज्यांवर सोपवण्यात आले.