माशांच्या घासात आघाडा



गणपतीच्या पत्रीत आपण आघाडा वाहतो. बांधावर कुठेही उगवणारे आणि जाता-येता कपड्याला चिकटणारे हे झाड. ह्याचे बी माशाच्या कामी येते, असे कोणी म्हटले तर आपण हसू. पण ह्या गोष्टीला मोठा इतिहास आहे.

माशाला घास भरवणे आपल्याकडे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यातल्या 'मत्स्यविनोद' प्रकरणात माशांच्या जाती सांगितल्या आहेत आणि त्यांचे खाद्यही. हेतू मात्र साधा : राजाच्या गळाला पोसलेला मासा लागावा.

पुढे 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही ह्या शास्त्रज्ञांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडवून आणण्यात यश आले. रोहू-कटल्याचे बीज हाती येऊ लागले, तळी भरली. पण दाटीबरोबर रोगाचे भयही वाढले.

1988 मध्ये ईशान्येकडून व्रणरोग देशात शिरला. मरळीसारख्या माशांच्या अंगावर जखमा पडल्या; गिऱ्हाईक मासळीला हात लावीना. कित्येकांनी तळ्यात चुना आणि हळद टाकून पाहिली. काहींनी जंतुनाशक औषधे खाद्यात मिसळायची वाट धरली. ती मात्र धोक्याची. कारण औषध वारंवार दिले की जंतू त्याला दाद देईनासे होतात.

मग प्रश्न निघाला : जंतू मारण्याऐवजी माशालाच बळ दिले तर? माशाच्या रक्तातही पांढऱ्या पेशींची राखण असते. ती जागी ठेवणारे घटक काही वनस्पतींत सापडतात. रोहूच्या खाद्यात आघाड्याचे बी मिसळून, मग त्या माशांना रोगजंतू टोचून केलेला एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. आघाडा खाल्लेले मासे कमी मेले.

म्हणून उद्याच टोपलीभर आघाडा तळ्यात ओतू नका बरे! प्रयोगातली मात्रा अगदी थोडी आणि मोजून घेतलेली होती. पाणी घाण, दाटी फार, तर कोणतीच मुळी उपयोगाची नाही. आधी पाणी राखा, मग मत्स्य-अधिकाऱ्याला विचारून घास सुधारा. आणि गुरुजी, पत्रीतला आघाडा मुलांना दाखवाल, तेव्हा ही हकीकतही सांगा.