तंगड्यांचा धंदा आणि बेडकाचं पोट

मागच्या दोन तंगड्या सोडल्या, तर उरलेल्या बेडकाला बाजारात कवडीची किंमत नव्हती. १९५० च्या दशकापासून १९८७ पर्यंत भारतातून बर्फात गोठवून जो माल युरोप-अमेरिकेला जात होता, तो म्हणजे बेडकाचं फक्त मागचं अंग. बाकीचं फेकून दिलं जाई. हा धंदा बंद पाडण्यात ज्या पुराव्याचा मोठा वाटा होता, तो मात्र नेमका त्या फेकलेल्या भागात, बेडकाच्या पोटात होता.

धंदा चाले पावसाळ्यात आणि रात्री. पहिला जोरदार पाऊस पडला की या धंद्यात पकडल्या जाणाऱ्या बैलबेडकाचे नर लिंबासारखे पिवळे होतात, गालांशी निळ्या पिशव्या फुगवून डबक्यात डरावतात. आवाजाच्या मागावर गॅसबत्ती घेऊन गेलं, की डोळे दिपलेला बेडूक जागचा हलत नाही. तो उचलून पोत्यात टाकायचा. पोती व्यापाऱ्याकडे जात आणि तिथे तंगड्या छाटल्या जात, बऱ्याचदा बेडूक जिवंत असतानाच. मग कातडी सोलणं, क्लोरिनच्या पाण्यात धुणं, गोठवणं आणि बंदराकडे रवानगी. १९८१ मध्ये ही निर्यात चार हजार टनांच्या वर गेली होती. हे वजन नुसत्या तंगड्यांचं. पकडीचा हंगाम आणि अंडी घालण्याचा हंगाम एकच, त्यामुळे पोत्यात पुढची पिढीही जात होती.

हा बेडूक खातो काय, हा प्रश्न व्यापाऱ्याला पडण्याचं कारण नव्हतं. शेतकऱ्याला मात्र पडायला हवा होता.

बेडकाचं खाणं वयानुसार बदलतं, तेही थोडंथोडकं नव्हे. बहुतेक जातींचे भैकेर, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, शाकाहाराकडे झुकलेले असतात. चोचीसारख्या कडक जबड्याने आणि बारीक दातांच्या ओळींनी ते दगडावरचं शेवाळ खरवडतात, आणि ते पचवायला त्यांचं आतडं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं घालून बसलेलं असतं. पाय फुटून शेपूट आक्रसण्याच्या काळात खाणं जवळजवळ बंद पडतं. शेपटीचं मांस अंगातच जिरतं आणि त्यावर दिवस निघतात. या उपासात तोंड रुंदावतं, जीभ तयार होते, आतडं आखूड होतं. पाण्यात शेवाळ खाणारा जीव जमिनीवर येतो तो शिकारी होऊनच.

बैलबेडूक मात्र लहानपणापासूनच मांसाहारी. त्याचे भैकेर दुसऱ्या जातींचे भैकेर खातात आणि वेळ आली तर स्वतःची भावंडंही सोडत नाहीत. क्रूर वाटतं खरं, पण अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावासारख्या ठिकाणी त्याचा अर्थ लगेच कळतो. कर्जत तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस येतो, डबकी भरतात आणि पुढचा पाऊस लांबला की आटतातही. शेवाळावर सावकाश वाढायला इथे वेळ कुठे असतो? पाणी संपायच्या आत पाय फुटले तर जगला. पुढे कोरड्या महिन्यांत मोठे बेडूक मातीत गाडून घेतात, ते पावसाच्या चाहुलीनेच वर येतात. पाऊस ओढ देतो तेव्हा या भागातल्या गावांमधून धोंडी काढण्याची चाल होती. कडुनिंबाचे डहाळे अंगाला बांधलेला पोऱ्या, सोबत काठीला बांधलेला जिवंत बेडूक, आणि दारोदारी त्यांच्यावर ओतलं जाणारं पाणी. बेडकाची त्यात फरफट होई, पण निदान त्याला पावसाचा मानकरी मानलं जाई. पोत्यातल्या बेडकाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

सह्याद्रीच्या ओल्या जंगलात घाईचं हे गणित बदलतं. १८८८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी माथेरानच्या एका बेडकाचं वर्णन केलं आणि मुंबईचे डॉक्टर लीथ यांचं नाव त्याला दिलं. त्याचे भैकेर डबक्यात राहतच नाहीत. पाणी झिरपणाऱ्या कातळावर चिकटून ते वरचा पातळ थर खरवडत हिंडतात, आणि धोका जाणवला की शेपटीच्या जोरावर तिथल्या तिथे उड्या मारतात. पावसाळाभर कातळ ओला राहतो म्हणून हे जमतं.

खंडाळ्याचा एक बेडूक या कहाणीला आणखी जवळचा. त्याची मादी ओढ्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालते, आणि अंड्यातून बाहेर पडलेले भैकेर थेट खालच्या पाण्यात टपकतात. भादुरी आणि कृपलानी या संशोधकांनी १९५५ मध्ये त्याची नोंद करताना नाव दिलं ‘हुमायुनी’. हे हुमायून म्हणजे मुंबईचे हुमायून अब्दुलअली. व्यवसायाने व्यापारी, छंदाने शिकारी आणि पक्षितज्ज्ञ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायद्यामागेही त्यांचा हात होता.

तंगड्यांच्या व्यापाराविरुद्ध उभे राहिलेही तेच. १९८५ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा या निर्यातीवर प्रदीर्घ लेख आला. नुसत्या भूतदयेवर भिस्त ठेवली असती, तर परकीय चलनाच्या त्या दिवसांत कुणी कान दिला असता असं वाटत नाही. अब्दुलअलींनी हिशेबाला हिशेबाने उत्तर दिलं. बेडूक शेतात काय फस्त करतो, हे त्यांनी समोर ठेवलं. मोठा बैलबेडूक तोंडात मावेल ते गिळतो. किडे, अळ्या, उंदराची पिल्लं तर आलीच, शिवाय भातखाचरांचे बांध पोखरून पाणी घालवणारे खेकडेही. जे काम फुकटात होत होतं, ते औषधं विकत घेऊन करावं लागणार होतं.

पकडल्या जाणाऱ्या सगळ्याच जातींना हा हिशेब सारखा लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. हिरवा तळ्यातला बेडूकसुद्धा तंगड्यांसाठी मारला जाई. संशोधक इंद्रनील दास यांनी दक्षिण भारतात त्याच्या खाण्याचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हा बेडूक लहान असताना किडे खातो आणि मोठेपणी मुख्यतः पाणवनस्पतींवर जगतो. म्हणजे वाढत्या वयाबरोबर मांसाहाराकडे जाणारा नेहमीचा क्रम इथे उलटा फिरतो. पाला खाणारा बेडूक जगात विरळाच. शेतीला त्याचा फारसा उपयोग नसेलही, म्हणून त्याला मारायला हरकत नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये.

१९८५ मध्येच या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या, आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात थांबवली. युरोपची भूक मात्र थांबली नाही. गिऱ्हाईक बांगलादेशाकडे वळलं. काही वर्षांत तिथेही बंदी आली, आणि आज युरोपच्या ताटातल्या बहुतेक तंगड्या इंडोनेशियातून येतात.

इकडे कॉलेजांतून चिरफाडीसाठी लागणारे बेडूक पुढेही बराच काळ जातच होते. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून बसवलेला बेडूक अनेक वाचकांना आठवत असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने ही चिरफाड टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना २०११ मध्ये दिल्या.

गोव्यात आणि लगतच्या भागात पावसाळी रात्रींची शिकार अजून संपलेली नाही. वनखात्याची पथकं गस्त घालतात, कारवाया होतात, तरी ‘जम्पिंग चिकन’ या नावाखाली तंगड्या ताटात येतातच. जून-जुलैत त्या बाजूला गेलात आणि कुणी हळूच विचारलं, तर नको म्हणा. ही शिकार बेकायदा आहे, आणि ताटात आलेला बेडूक बहुधा अंडी घालण्याच्या रात्रीच पकडलेला असतो.