सिंथेसायझर घेताना खिसा सांभाळून

घरोघरी ‘सिंथेसायझर’ म्हणून येणाऱ्या बहुतेक स्वस्त वाद्यांत नवा नाद घडविण्याची सोय नसते. तयार नाद आणि ताल साठविलेले ते कीबोर्ड असतात. शिकणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. खरेदी फसते ती खोक्यावरील शेकडो नादांचा आकडा पाहून. त्यांतील दहाबाराच पुढे वाजतात.

पैसे मोजावेत ते ‘टच रिस्पॉन्स’साठी. ही सोय नसेल, तर पट्टी हळुवार दाबा वा जोराने, आवाज एकाच पातळीवर उमटतो आणि बोटांना वजनाची जाणच येत नाही. कॅसिओने २०१९ मध्ये आणलेल्या सीटी-एस २०० व सीटी-एस ३०० या दोहोंत नाद ४००च. पण टच रिस्पॉन्स केवळ ३०० मध्ये. शिवाय त्यात ‘पिच बेंड’चे चाक आहे. मींडेसारखी ही स्वरांची ओढ हार्मोनियमवरही निघत नाही.

पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, नवशिक्याला पुरतात. बारीक पट्ट्यांचे वाद्य मात्र खेळणेच समजावे. वापरलेला कीबोर्ड घेताना प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून पाहावी. अडॅप्टरचे व्होल्टेज वाद्यावरील आकड्याशी जुळते का, तेही तपासावे.