काँक्रीटच्या बलाचे संगणकीय प्रतिरूपण

काँक्रीट किती भार सहन करील व कोठे भंग पावेल, याचे त्याच्या घटकांवरून व अंतर्गत रचनेवरून संगणकाच्या साहाय्याने केलेले पूर्वानुमान. काँक्रीटने कंपनेही शमवावीत अशी अपेक्षा असते, तेव्हा हा प्रश्न अधिक बिकट होतो. पदार्थातील अंतर्गत घर्षणामुळे कंपनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होऊन आंदोलने क्षीण होत जातात. या क्रियेस अवमंदन म्हणतात. अवमंदन वाढविणारे घटक पुष्कळदा बल घटवितात.

प्रारंभी बलाचा अंदाज अनुभवजन्य सूत्रांवरून करीत. फ्रान्समधील रने फेरे यांनी १८९२ च्या सुमारास मसाल्याचे बल व त्याची दाटी यांतील संबंध दाखविला. शिकागो येथील डफ एब्रम्झ यांनी १९१८ मध्ये पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तराचा प्रसिद्ध नियम मांडला. या सूत्रांवरून बल कळे. परंतु भेग कोठे पडेल हे कळत नसे.

तुळई किंवा धरण यांचे काल्पनिक लहान तुकडे पाडून प्रत्येकातील प्रतिबल काढण्याच्या पद्धतीस आर्. डब्ल्यू. क्लफ यांनी १९६० मध्ये ‘सांत घटक पद्धती’ हे नाव दिले. १९६७ मध्ये न्गो व स्कॉर्डेलिस यांनी ती प्रबलित काँक्रीटच्या तुळईस लावली. मात्र भेगांच्या जागा त्यांनी आधीच ठरविल्या होत्या.

त्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, कोयनानगर परिसरात भूकंप होऊन मोठी प्राणहानी झाली. १०३ मी. उंचीचे कोयना धरण टिकले. पण त्याच्या पाण्यावरून न वाहणाऱ्या भागांत, खालच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. पुढे टेकू-भिंती बांधून हा भाग बळकट करण्यात आला. ए. के. चोप्रा व पी. चक्रबर्ती यांच्या १९७३ मधील विश्लेषणात नेमक्या याच जागी ताण-प्रतिबल काँक्रीटच्या ताणबलाहून अधिक आढळले. तेव्हापासून नवे प्रतिरूप पारखण्यासाठी कोयना धरण ही जगन्मान्य कसोटी ठरली आहे.

या विश्लेषणात भेगेची पुढील वाढ मात्र येत नव्हती. स्वीडनमधील हिलरबोर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये भेग उघडण्यास लागणारी ऊर्जा हिशेबात घेतली. १९९८ मध्ये ली व फेन्व्हेझ यांनी भेगा उघडताना व मिटताना बदलणारी दृढताही विचारात घेऊन कोयना धरणाचे पुन्हा विश्लेषण केले. येथे अवमंदनाला विशेष महत्त्व येते : भेग उघडल्यावरही गणितात ते पूर्ववत ठेवले, तर प्रत्यक्षात नसलेला जोर भेगेच्या कडा धरून ठेवतो आणि धरण आहे त्याहून सुरक्षित भासते.

कंपनशामक काँक्रीटमध्ये खडीऐवजी टायरच्या रबराचे तुकडे वापरून पाहण्यात आले. एल्डिन व सेनौसी यांच्या १९९३ मधील प्रयोगांत सर्व खडी अशी बदलली असता संपीडनबल सु. ८५ टक्क्यांपर्यंत व ताणबल सु. ५० टक्क्यांपर्यंत घटले. रबर मऊ असून सिमेंटला नीट चिकटत नाही. त्यामुळे भाराच्या दृष्टीने त्याचा कण जवळजवळ पोकळीसारखा वागतो. खडी, मसाला व त्यांचे सांधे वेगवेगळे दाखविणारे ‘सांख्यिक काँक्रीट’ व्हिटमान व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडले होते. अशा प्रतिरूपात हा परिणाम तपासता येतो. १९९८ मध्ये आय-चेंग ये यांनी तंत्रिका-जालाच्या साहाय्याने मिश्रणाच्या प्रमाणांवरून बल वर्तविले. अशी जाले मात्र ज्या मिश्रणांवर शिकलेली असतात, त्यांच्या मर्यादेतच विश्वसनीय ठरतात. म्हणून प्रयोगशाळेतील ठोकळ्यांची चाचणी व प्रत्यक्ष वास्तूंवरील नोंदी यांना संगणक हा पर्याय ठरत नाही.